सेरंगून रोडवरचा रविवार

या सदरातून वर्षभर मी तुम्हाला आपल्याच आळ्याबोळांतून हिंडवत असतो. कधी भुलेश्वर, कधी लालबाग, कधी पुण्याची मंडई. दिवाळी अंक जवळ आला की मात्र संपादकांचा निरोप येतो, “यंदा जरा लांबचे काही होऊ द्या.” आजवर लांबचे म्हणून मी बेळगावच्या पुढे गेलेलो नव्हतो. यंदा मात्र देण्यासारखे खरोखरच काही आहे. २०२५ ची दिवाळी मी सिंगापुरात काढली.

माझा भाचा तिथे संगणकाच्या कचेरीत नोकरीला आहे. पुंगोल नावाच्या उपनगरात बाराव्या मजल्यावर त्याचे बिऱ्हाड. घरात भाजणीचा वास, दारात पणत्या, रेडिओच्या जागी कसलेसे यंत्र आणि त्यातून पहाटे नाट्यसंगीत! सगळे इतके घरच्यासारखे, की दुसऱ्याच दिवशी मला प्रश्न पडला, मग आपण एवढा समुद्र ओलांडून आलो कशाला?

तिथली दीपावलीची सुट्टी आपल्या नरकचतुर्दशीला असते. तमिळ मंडळींचा मुख्य सण तोच. पहाटे तेल लावून न्हायचे, नवे कपडे घालायचे, थोरांच्या पाया पडायचे. त्या वर्षी ती सोमवारी आली होती. रविवारी दुपारी मी सहज म्हटले, “संध्याकाळी त्या लिटल इंडियात जाऊन रोषणाई बघून येतो.”

भाच्याची बायको, म्हणजे आमच्या सूनबाई, चहाचा कप पुढे ठेवत म्हणाली, “मामा, आज नको. उद्या सकाळी आपण सगळेच जाऊ. देवळात जाऊ, डोसा खाऊ. रविवारी संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते. सगळे वर्कर लोक असतात.”

“म्हणजे कोण?”

“बांधकामावरचे, जहाजाच्या कारखान्यातले हो. तमिळ, बांगलादेशी. तसे कुणाच्या वाटेला जात नाहीत, पण तुम्ही एकटे...”

मुलगी मनाने वाईट मुळीच नाही. माझ्याकडे मुंबईत पाहुणा आला तर मीही त्याला ‘अमक्या गल्लीतून रात्री जाऊ नका’ म्हणून सांगतोच. पण म्हातारपणी माणसाला दोन मोह आवरत नाहीत, एक गोडाचा आणि दुसरा ‘नको’ म्हटलेल्या वाटेचा. पाच वाजता मी जांभळ्या मार्गाच्या भुयारी गाडीत बसलो होतो.

लिटल इंडियाच्या अलीकडचे स्टेशन फॅरर पार्क. तिथे उतरलो तो थेट एका अवाढव्य बाजार-इमारतीच्या पोटात निघालो. सरकते जिने, थंडगार हवा, काचेआड कपडे घातलेले पुतळे. बाहेर पडायला वाट सापडली तेव्हा समोर एक जुन्या धाटणीचे फाटक उभे. त्यावर नाव, ‘न्यू वर्ल्ड’. फाटकाच्या मागे जे होते ते आता नाही. नुसती आठवण म्हणून फाटक जपले आहे.

हे ‘नवे जग’ १९२३ साली ओंग बून तात आणि ओंग पेंग हॉक या दोघा भावांनी काढले. जत्रा म्हणावी तर रोजची, आणि नाटकगृह म्हणावे तर एकाच कुंपणात दहा. एका बाजूला चिनी ऑपेरा, दुसरीकडे मलय नाटक, पलीकडे मुष्टियुद्धाचे रिंगण, सिनेमा, पाळणे, नेमबाजीची दुकाने, खाण्याच्या गाड्या आणि नाचघरे. पुढे शहरात ‘ग्रेट वर्ल्ड’ आणि ‘हॅपी वर्ल्ड’ अशी आणखी दोन जगे निघाली. दिवसा उन्हात झोपायचे आणि दिवे लागले की उठायचे, असा या तिन्ही जगांचा क्रम. तुम्ही म्हणाल, परक्या शहरातल्या जुन्या जत्रेचे आम्हाला काय? तर ऐका.

त्या मलय नाटकाला बांग्सावान म्हणतात. त्याचा उगम शोधत गेले की माणूस मुंबईच्या ग्रँट रोडला येऊन पोहोचतो! १८७० नंतरच्या काळात मुंबईच्या पारशी नाटकमंडळ्या बोटीने पेनांगपर्यंत दौरे करीत. पऱ्या, राजपुत्र, रंगवलेले पडदे, मधेच गाणे, मधेच विनोद, असा तो थाट. भाषा कळो न कळो, मलय लोकांनी तो डोक्यावर घेतला, त्याला ‘वायांग पारसी’ असे नाव दिले आणि मग त्याच घाटावर आपल्या भाषेत आपली नाटके बसवली. आपल्या संगीत रंगभूमीचीही पारशी नाटकाशी देवघेव होतीच. म्हणजे न्यू वर्ल्डच्या मांडवात चाललेला तो खेळ आपल्या नाटकांचा समुद्रापलीकडचा दूरचा मावसभाऊ म्हणायला हरकत नाही.

दुसरी ओळख कुस्तीची. दारासिंग हे नाव मुंबईने डोक्यावर घेतले त्याच्या पुष्कळ आधी, १९४७ च्या सुमारास, हा पंजाबी तरुण पोट भरायला सिंगापुरात आला होता. पिंपे बनवण्याच्या कारखान्यात काम करायचा आणि ग्रेट वर्ल्डच्या आखाड्यात हरनामसिंग नावाच्या वस्तादाच्या हाताखाली घाम गाळायचा. आणि पोरवयात ज्याच्या नावाने आम्ही एकमेकांना चिडवायचो तो किंग काँग? तो हंगेरीचा. त्याचा शेवट या सिंगापुरातच झाला, १९७० साली, मोटारीच्या अपघातानंतर.

आता नाचघरांविषयी. हा अंक घरातले सगळे वाचतात, म्हणून बेताने सांगतो. खिडकीवर कुपने विकत घ्यायची, एक कुपन हातावर ठेवले की नाचणारी मुलगी एका गाण्यापुरती तुमच्याबरोबर नाचणार. गाणे संपले, ओळख संपली. कुपनातला काही वाटा तिचा, काही घरमालकाचा. मीटर पडलेल्या टॅक्सीसारखा हा हिशेब, म्हणून त्यांना टॅक्सी-डान्सरच म्हणत. मलय रोंगेंगमध्ये तर जोडीदाराला स्पर्शही करायचा नाही. समोरासमोर पावले टाकायची, बस्स. न्यू वर्ल्डमधल्या एका नाचघराचे नाव होते ‘बुंगा तंजोंग’. म्हणजे बकुळीचे फूल. हे कळले तेव्हा मला उगीचच बरे वाटले.

आणि बकुळीसारखेच, वरून काही न दाखवणारे एक काम या बायकांच्या हातून झाले. महायुद्ध संपले तेव्हा शहरात शाळा बुडालेली पोरे रस्त्यावर हिंडत होती. १९४६ साली हॅपी वर्ल्डमधल्या हे यान ना नावाच्या नर्तिकेने सोबतिणींकडून पैसे गोळा करून गेलांग भागात एक मोफत शाळा काढली. नाव ‘हॅपी स्कूल’. एका गाण्याच्या एका कुपनातून पाटी-पुस्तके झाली. ही शाळा १९७९ पर्यंत चालली. रोझ चॅन ही तिकडची फार गाजलेली नर्तकी. तिच्या खेळांना पाद्री, मुल्ला, पोलीस सगळेच नावे ठेवीत. अनाथाश्रमांना आणि वृद्धाश्रमांना तिने दिलेल्या देणग्या मात्र कोणी परत केल्याचे ऐकिवात नाही.

जपानी अंमलात, १९४२ ते ४५ मध्ये, याच उद्यानांतून गेताई म्हणजे गाण्याचे मंच सुरू झाले. ते अजून टिकून आहेत. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, त्यांच्या पितृपक्षात म्हणा ना, रस्त्यावर मंच घालून झगमगीत कपड्यांत गाणी होतात आणि प्रेक्षकांतली पहिली रांग मोकळी ठेवतात. ती पितरांसाठी. आपण पितरांना खीर-वडे घालतो, हे लोक त्यांना गाण्याचा पासही देतात.

पुढे टेलिव्हिजन आला, वातानुकूलित बाजार आले, आणि १९८७ साली न्यू वर्ल्डला कायमचे कुलूप लागले. पण मी त्या फाटकापाशी उभा होतो तो वेगळ्याच विचारात. या उद्यानांत येत कोण होते? हौशी घरंदाज कुटुंबेही येत, नाही असे नाही. पण रात्र जागवणारा मोठा भाग एकट्या पुरुषांचा. हे बंदरच त्यांनी उभे केले. चीनहून, मद्रासहून, जावाहून पुरुष यायचे, बायका गावी. चिनी बायका मोठ्या संख्येने आल्या त्या १९३३ मध्ये सरकारने पुरुषांच्या येण्यावर मर्यादा घातल्यानंतर. त्याही आधी हिंदुस्थानातून आले ते कैदी. १८२५ पासून सुमारे पन्नास वर्षे बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातले काळ्या पाण्याचे कैदी इथे आणून त्यांच्याकडून रस्ते, देवळे, चर्च बांधून घेतले. याच सेरंगून रोडवर त्यांच्या विटांच्या भट्ट्या होत्या. त्यांत कोणी रत्नांग्रीचा, कोणी साताऱ्याचा असेल का? त्याच्या संध्याकाळी कशा गेल्या असतील?

मी सेरंगून रोडला लागलो. या भागात पूर्वी गुरांचा व्यापार चाले, म्हणून गल्ल्यांची नावे अजून गोठ्यातली आहेत. बफेलो रोड, केर्बाऊ रोड, म्हणजे पुन्हा म्हैसच, लेम्बू रोड, म्हणजे गाय. शेजारच्या मैदानावर १९३३ पर्यंत घोड्यांच्या शर्यती होत. याच मैदानावर १७ फेब्रुवारी १९४२ रोजी शरण आलेल्या हजारो हिंदी सैनिकांना जपान्यांच्या हवाली केले आणि आझाद हिंद फौजेचे बीज पडले. आणि एकट्या पुरुषांच्या या वस्तीच्या कडेलाच कांदांग केर्बाऊ नावाचे बाळंतपणाचे इस्पितळ, जिथे १९६६ या एका वर्षात ३९,८३५ मुले जन्मली आणि जागतिक विक्रम झाला! गावाचा विनोदही असा असतो.

घरांच्या खालून पाच फुटांची आच्छादित वाट जाते. १८२२ साली रॅफल्सने नगररचना करताना घालून दिलेला नियम, की प्रत्येक दुकानाने पुढे सलग ओटी सोडायची. उन्हापावसातून माणसाला सावलीत चालता यावे. या वाटेवर झेंडूच्या माळा, केळीची पाने, चांदीच्या समया, मोबाइलचे कार्ड, चमेलीचे गजरे, सगळे एकमेकांना खेटून. वर रस्ताभर दिव्यांच्या कमानी. एका दुकानात मुरुकू तळत होते. चकलीची सख्खी बहीण, फक्त वेटोळे जरा ऐसपैस. मुस्तफा नावाच्या प्रचंड दुकानात मी शिरलो आणि वीस मिनिटांनी घाबरून बाहेर आलो. सुईपासून सोन्यापर्यंत सगळे आहे, फक्त बाहेरचे दार सापडत नाही.

डेस्कर रोडच्या आसपास बायका दिसेनाशा झाल्या. गर्दी मात्र दाटली. पंचवीस-तीस वर्षांचे पुरुष, धुतलेले शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. पैसे पाठवण्याच्या दुकानांपुढे रांगा. न्हाव्याच्या दुकानात बाकावर दहा जण ताटकळत. लेम्बू रोडच्या मोकळ्या जागेत तर जमीन दिसत नव्हती. शेकड्यांनी माणसे बसलेली. कोणी उकिडवा, कोणी वर्तमानपत्र अंथरून. पान चघळत, बोलत, नाहीतर नुसतीच बसून. दारूची एक बाटली मला दिसली नाही. गाणेबजावणे नाही, खेळ नाही, पाळणा नाही. मी विचार केला, ही कसली करमणूक? ही माणसे इथे करतात तरी काय?

खरे सांगतो, मी पाकीट मागच्या खिशातून काढून पुढच्या खिशात घातले.

दारू न दिसण्याला कारण आहे. ८ डिसेंबर २०१३ रोजी, रविवारीच रात्री, याच भागात एक तमिळ मजूर खाजगी बसखाली सापडून मेला. बघता बघता तीन-चारशेंचा जमाव उसळला. पोलिसांच्या गाड्या, रुग्णवाहिका जळाल्या. सिंगापुरात १९६९ नंतरची ही पहिली दंगल. चौकशी समितीने दारूकडे बोट दाखवले. २०१५ साली कायदा झाला, की साऱ्या शहरात रात्री साडेदहानंतर उघड्यावर पिणे बंद. आणि लिटल इंडिया व गेलांग या दोन भागांत शनिवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत पूर्ण बंद. मी दारूची वकिली करणार नाही. आमच्या चाळीतले दोन संसार तिने बुडालेले मी पाहिले आहेत. तरी एक विचारावेसे वाटते. सहा दिवस उन्हात लोखंड वाकवणाऱ्या माणसाच्या सातव्या संध्याकाळविषयी शहराला पहिला कायदा सुचला तो काय काढून घ्यायचे याचा.

पुढे २०२० ची महामारी. मजुरांच्या वसतिगृहांत एकेका खोलीत डझनभर माणसे. रोग तिथे वणव्यासारखा पसरला. वर्षअखेर सरकारनेच सांगितले की वसतिगृहांतल्या सुमारे ३ लाख २३ हजारांपैकी ४७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता. उपचार चोख झाले, पगार चालू ठेवले, मृत्यू अगदी थोडे. हेही सांगितलेच पाहिजे. पण बाकीचे शहर मोकळे हिंडू लागल्यावरही ही माणसे कितीतरी महिने आतच राहिली. २०२२ च्या जूनमध्ये बाहेर जाण्याचा दाखला रद्द झाला, तेव्हाही रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी लिटल इंडियासह चार ठिकाणी जायचे तर वेगळा परवाना ठरला, एका दिवशी ८०,००० जणांपुरता. गर्दीत जाऊन बसण्याचा परवाना! आपण गर्दीला कंटाळतो. तिच्यासाठी कोणी अर्ज करीत असेल हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

कठड्याला टेकून मी उभा राहिलो आणि मला माझे वडील आठवले.

ते लालबागला गिरणीत होते. आई आणि आम्ही भावंडे रत्नागिरी जिल्ह्यात, गावी. वडील एका गाळ्यात चौदा जणांबरोबर राहत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एकाची वळकटी गुंडाळली जाई तेव्हा दुसऱ्याची उलगडे. जेवण खानावळीत. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची, तिच्या चिठोऱ्यावर दोन ओळी. मी सातवी-आठवीत असेन, एका गणपतीत भावकीतल्या कोणीतरी आईच्या कानावर घातले की हा दर रविवारी लालबागला हनुमान थिएटरात तमाशाला जातो. आईने वडिलांना विचारले. भांडण होणार म्हणून आम्ही पोरे पडवीत दबा धरून बसलो होतो. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दर रविवारी नाही जात. पैसे कुठं असतात? नुसता बाहेर उभा राहतो. रविवारी संध्याकाळी खोली खायला उठते गं.”

आईने त्यावर काही म्हटले नाही. पुढल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने ती चार दिवस मुंबईला गेली. तो गाळा तिने पाहिला. परत आल्यावर तिने मला काही सांगितले नाही, पण त्यानंतर वडील रजा संपवून निघाले की ती त्यांच्या ट्रंकेत कोकमांच्या पुडीशेजारी एक लहानशी पुरचुंडी ठेवी. अंड्या-कोंबड्यांचे साठवलेले दोन-तीन रुपये. “हे मनीऑर्डरीतले नव्हेत,” ती म्हणायची. “हे रविवारचे.”

“चाचाजी, एक फोटो?”

मी दचकलो. समोर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, हातात फोन. हिंदी सिनेमातली, थोडी बंगाली वळणाची. त्याला दिव्यांची कमान मागे येईल असा फोटो हवा होता. मी फोटोच्या कामात अगदी अडाणी. पहिल्या फोटोत त्याचे डोके आले नाही, दुसऱ्यात कमान आली नाही. तिसऱ्या वेळी त्याने मला गुडघ्यात वाकायला सांगितले, मी म्हटले, “बेटा, वाकेन, पण उठवायचं तू.” तो मोठ्याने हसला. फोटो जमला.

मग आम्ही चहा घेतला. तिथे चहा एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओततात, त्याला तेह तारिक म्हणतात, ‘ओढलेला चहा’. फेस असा येतो की मिशा पांढऱ्या व्हाव्यात. माझ्या आधीच आहेत. पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. गाव टांगाईलकडे. सहा वर्षे झाली. इकडे येण्यासाठी दलालाला द्यायला काढलेले कर्ज फेडायलाच दोन वर्षे गेली. महामारीत चार महिने खोलीत. आता एका उंच इमारतीच्या कामावर आहे. “चाचाजी, आपका भांजा जिधर रहता है, उधर का बिल्डिंग भी हमारा कंपनी बनाया,” तो म्हणाला. त्यात कुठलाच टोमणा नव्हता, उलट थोडा अभिमानच होता.

मी त्याला विचारले, “रविवारी इथे येऊन करता काय?”

तो विचारात पडला. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. “पैसा भेजता है. बाल काटता है. फिर बैठता है.” थोडे थांबून म्हणाला, “डॉर्म में सब एक ही कंपनी का लोग. इधर गाँव का लोग मिलता है.”

तेवढ्यात त्याच्या फोनवर बायकोचे चित्र आले. लहानगी मुलगी तिच्या मांडीवर. त्याने फोन गरागरा फिरवून तिला कमानी दाखवल्या, दुकाने दाखवली, फुलांच्या माळा दाखवल्या आणि मग मला दाखवले. मी हात जोडले. ती पदर सावरत काही बोलली. तो हसला, पण मला सांगेना. मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, “पूछती है, कल आप लोगों का त्योहार है, चाचा अकेला क्यों घूमता है?”

मला पटकन उत्तर सुचले नाही. घरात भाचा होता, सूनबाई होती, करंज्या तळायच्या राहिल्या होत्या. मंडळी गेल्याला चार वर्षे झाली आणि तेव्हापासून सणाच्या आदल्या संध्याकाळी मी कुठे ना कुठे बाहेर पडतो, हे मी कोणाला सांगितलेले नाही. मी म्हटले, “उनसे कहो, बत्ती देखने आया.” त्याने ते तिला सांगितले. तिचा विश्वास बसला असे मला वाटत नाही.

नऊच्या पुढे गर्दी हलू लागली. वसतिगृहांकडे जाणाऱ्या बसपाशी सरळ रांगा. माणसे मुकाट्याने पुढे सरकत होती. मुलगाही रांगेत गेला. सुट्टी असली तरी त्याला सोमवारी काम होते, सुट्टीच्या दिवसाचा दाम जास्त. जाताना वाकून पायाला हात लावला आणि म्हणाला, “घर जाइए चाचाजी, रात हो गया.” माझा मुलगा असता तर याच आवाजात म्हणाला असता.

घरी पोचलो तेव्हा सूनबाई दारातच. “मामा, फोन का नाही उचललात? गर्दी होती ना खूप?”

“होती,” मी म्हटले आणि करंज्यांच्या सारणाला हात लावायला बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे तेल-उटणे झाले, सकाळी देवळात दर्शन झाले, डोसाही खाऊन झाला. संध्याकाळी मी भाच्याला म्हटले, “चल, माझ्याबरोबर चहाला.” तो म्हणाला, “मामा, आता? त्या गर्दीत?” पण आला. सात वर्षे सिंगापुरात राहून लेम्बू रोडवर तो प्रथमच आला होता. आम्ही त्याच दुकानात उभे राहून चहा प्यायलो. तो मुलगा अर्थातच नव्हता, कामावर असणार. भाचा बराच वेळ बसलेल्या माणसांकडे बघत होता. मग त्याने विचारले, “मामा, आजोबा लालबागला कुठल्या गिरणीत होते हो?”

मी त्याला गिरणीचे नाव सांगितले. गाळ्याचे मात्र परतीच्या गाडीत सांगितले, कारण त्याला वेळ लागतो.